बाकड्याचे पीठ कोणी केले?

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. त्यानंतर माझ्या एका ज्युनिअरने विचारले, "सर, कोर्टाला बेंच का म्हणतात? बेंच तर शाळेत असतो." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बेंच म्हणजे बाकडेच. इंग्लंडचा राजा मुलुखभर फिरायचा आणि न्याय त्याच्या लवाजम्यामागे फिरायचा. गरीब फिर्यादीने किती गावे धावायचे? म्हणून १२१५ च्या मॅग्ना कार्टात कलम आले की, सामान्य दिवाणी दावे एका ठरलेल्या जागीच चालतील. ती जागा पुढे वेस्टमिन्स्टर हॉल ठरली. न्यायाधीश ज्या बाकावर ओळीने बसत, त्यावरून कोर्टाचे नाव पडले 'कॉमन बेंच'. दुसरे होते 'किंग्ज बेंच'. तिथे खुद्द राजाच बसतो असे मानायचे. पण १६०७ मध्ये कॉमन बेंचचे मुख्य न्यायाधीश कोक यांनी पहिल्या जेम्सला ऐकवले की, राजाला स्वतः निवाडा करता येत नाही! १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचे मुंडके उडाले, तेव्हा 'किंग्ज'चे 'अप्पर बेंच' झाले. १६६० ला राजेशाही परतली, जुने नावही परतले. (बँक हा शब्दही याच कुळातला, सराफाच्या बाकड्यावरून आलेला.)

आणि आपण मराठीत काय केले? बाकड्याचे 'पीठ' केले. खंडपीठ, पूर्णपीठ, घटनापीठ! पीठ म्हटले की शंकराचार्य आठवतात. बाकड्यावर सरकून आणखी एकाला जागा देता येते. पीठावर बसायला अधिकार लागतो आणि या देशात तो जन्माने ठरत होता. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहा. राजा नसेल तर न्यायसभेत ब्राह्मण बसेल, नुसता जन्माचा ब्राह्मणही चालेल, शूद्र मात्र कदापि नाही. शूद्राने निवाडा केला तर राज्य चिखलात रुतलेल्या गाईसारखे बुडेल म्हणे! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात हा ग्रंथ जाळला गेला, तो उगीच नव्हे.

राज्यघटनेने न्यायाधीशाची पात्रता लिहिली, त्यात जात नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या बाकड्यावर अनुसूचित जातीचे पहिले न्यायमूर्ती, ए. वरदराजन, बसले ते १९८० मध्ये. तीस वर्षे कोण सरकायला तयार नव्हते?

शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या, तिथल्या बेंचचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. अमरावतीचे, बौद्ध. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, भर सर्वोच्च न्यायालयात, एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. रक्षकांनी त्याला बाहेर नेले. गवई साहेबांनी समोरच्या वकिलांना विचलित होऊ नका म्हणून सांगितले आणि सुनावणी पुढे चालू ठेवली.