शिकविण्यासाठीं प्रवास व त्याचा खर्च

शिकविण्यास जाणाऱ्यानें दुसऱ्याकडे प्रवासखर्च मागावा काय? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही एका उदाहरणानें करितों.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांजवळ एकाच वेळीं ठेविलेली एकच खतावणी होय. तिचें प्रत्येक पान मागील पानाच्या खुणेशीं सांधलेलें असल्यामुळें जुनी नोंद गुपचूप खोडितां येत नाहीं. परंतु ह्याच गुणामुळें चूकही महाग पडते. जून २०१६ मध्यें ईथीरियमवरील ‘द डाओ’ ह्या सामाईक निधीच्या आज्ञावलींत एक दोष निघाला: आधीं रक्कम द्यावयाची व मग शिल्लक कमी करावयाची, असा तिचा क्रम होता. तेवढ्या फटींतून सुमारें ३६ लक्ष ईथर काढून नेले गेले, आणि तें परत मिळविण्याच्या वादांत खतावणीच दुभंगली.

असे दोष ओळखावयास अनुभवी माणूस शेजारीं बसलेला बरा. ईथीरियमची ‘डेव्हकॉन’ परिषद २०२२ सालीं बोगोटा येथें व २०२४ सालीं बँकॉक येथें भरली. इतक्या दूरचें विमानभाडें स्वेच्छेनें शिकविणाऱ्यास एकट्यानें पेलणें कठीण. म्हणून साहाय्य मागण्यांत कमीपणा नाहीं.

मात्र मागणीपत्रांत चार गोष्टी स्पष्ट असाव्या: आजवरचें काम, कोणास काय शिकविणार, भाडें, व्हिसा व निवास यांचा निरनिराळा खर्च, आणि परतल्यावर हिशेब देण्याचें वचन. दात्याची कांहीं अट असल्यास ती आधींच जाणून घ्यावी; कारण साहाय्य घेतलें तरी मत विकूं नये.

विद्यार्थीमित्रहो, मागणें लाजिरवाणें नव्हे. हिशेब न देणें लाजिरवाणें होय.