चिमूटभर ऊर्जेचा लेझर रेणू कसा फोडतो?

मुंबईतील डीएनएच्या प्रयोगाचा धागा कर्करोगाच्या किरणोपचारापर्यंत

पैठणकरांना नाथसागराचे गणित समजावून सांगावे लागत नाही. धरणातले पाणी कालव्याने महिनाभर सोडले तर शेते भिजतात. तेवढेच पाणी 27 दरवाजे उघडून काही तासांत सोडले तर गोदाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा द्यावा लागतो. पाणी तेच, फरक वेळेचा. अतिजलद लेझर रेणू फोडतो तोही याच हिशेबाने.

फेम्टोसेकंद म्हणजे किती?

सेकंदाचे एकावर 15 शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. सुमारे 3 कोटी 17 लाख वर्षांपुढे एक सेकंद जेवढा लहान, तेवढाच सेकंदापुढे फेम्टोसेकंद.

10 ग्रॅमची वस्तू 1 सेंटिमीटर उचलायला साधारण 1 मिलिज्यूल ऊर्जा लागते. एवढीच ऊर्जा 45 फेम्टोसेकंदांत बाहेर पडली, तर त्या क्षणापुरती शक्ती होते सुमारे 22 हजार मेगावॅट. जायकवाडीच्या जलविद्युत केंद्राची क्षमता आहे 12 मेगावॅट. त्यात भिंगाने हा झोत केसाएवढ्या जाडीच्या जागेत एकवटता येतो.

असे स्पंद तयार करण्याची पद्धत डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी 1985 मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना 2018 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

रेणू तुटतो कसा?

धनभारित केंद्रके आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन यांच्यातील ओढीने रेणू टिकून असतो. पाण्याच्या सुट्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला 12.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. 820 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशातील एका फोटॉनकडे असते जेमतेम 1.5. म्हणजे किमान 9 फोटॉन एकदम आदळायला हवेत. साध्या दिव्याच्या प्रकाशात हे घडत नाही; एकवटलेल्या लेझर झोतात घडते.

झोत आणखी तीव्र असेल तर त्याचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला अडवणारी ‘भिंत’ पातळ करते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून निसटतो. हे झाले आयनीभवन. एकाहून अधिक इलेक्ट्रॉन गेले, की मागे उरलेले धनभारित भाग एकमेकांना दूर ढकलतात आणि रेणूचे तुकडे होतात. याला ‘कूलोम स्फोट’ म्हणतात. सारख्याच भाराच्या तुकड्यांपैकी हलका तुकडा यंत्रातील शोधकापर्यंत आधी पोहोचतो, जड नंतर. त्या वेळेवरून तुकडे ओळखले जातात.

मुंबईत काय आढळले?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक माथूर आणि सहकाऱ्यांनी पाण्यातील डीएनएवर 45 फेम्टोसेकंदांचे, सेकंदाला 1,000 स्पंद सोडले. त्यांचा शोधनिबंध 2011 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटत असल्याचे त्यांना दिसले.

महत्त्वाचे होते ते तुटण्याचे कारण. लेझरमुळे पाण्यातच इलेक्ट्रॉन आणि मुक्तमूलके तयार होत होती. त्यांना टिपून घेणारी रसायने मिसळताच डीएनएचे नुकसान कमी झाले. मुख्य दोषी ठरले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पाण्याच्या रेणूचाच तुटलेला भाग.

रुग्णांशी याचा संबंध काय?

मराठवाड्यातील अनेक कर्करुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठतात. किरणोपचारात लेझर नव्हे, क्ष-किरण वापरले जातात. मात्र तिथेही डीएनएच्या नुकसानीचा मोठा वाटा पेशीतील पाण्यापासून बनलेल्या हायड्रॉक्सिल मूलकांचा असतो. एक धागा तुटला तर पेशी तो बहुधा सांधते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले तर दुरुस्ती अवघड होते. कर्कपेशी मरते ती बहुतांशी यामुळेच, आणि शेजारच्या निरोगी पेशींना जपावे लागते तेही यामुळेच.

म्हणून पाण्याचा रेणू कसा तुटतो आणि त्याचे तुकडे पुढे काय करतात, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही.