डिझेलचा काटा दगा देतोय? मीटर बदलण्याआधी हे तपासा

दुसरबीड : पिकअपमध्ये भाजीपाला भरला, काटा अर्ध्यावर दिसला म्हणून रात्री गाडी समृद्धी महामार्गावर घातली आणि मध्येच डिझेल संपले, तर काय होईल? 701 किलोमीटरच्या या मार्गावर पंप ठरावीक ठिकाणीच आहेत. माल वेळेत पोहोचत नाहीच, शिवाय भरधाव रस्त्यावर उभी राहिलेली गाडी जिवावर बेतू शकते. वर डिझेल लाइनने हवा धरली तर ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

काटा चालतो कसा?
टाकीत दांडीला लावलेला फ्लोट डिझेलवर तरंगतो. तो वर-खाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि त्यानुसार बोर्डवरचा काटा हलतो.

बिघाड कसा ओळखाल?
- इतर काटेही बंद असतील तर आधी फ्यूज पाहा.
- टाकीजवळचा प्लग आणि अर्थिंगची वायर तपासा. चिखल-पाण्याने तिथे गंज चढतो.
- काटा कायम रिकामा किंवा एकाच जागी असेल तर फ्लोट बुडालेला किंवा अडकलेला असू शकतो.
- काटा उड्या मारत असेल तर सैल वायर किंवा झिजलेली पट्टी हे कारण असू शकते.

फ्लोट की मीटर?
किल्ली बंद करून प्लग काढा आणि फ्लोटच्या बाजूचा रोध मल्टिमीटरने मोजा. मग 15-20 लिटर डिझेल भरून, पंपापासून दूर येऊन पुन्हा मोजा. आकडा बदलला तर फ्लोट बहुधा ठीक. दोष वायर, अर्थिंग किंवा मीटरमध्ये शोधा. आकडा तोच राहिला किंवा आलाच नाही, तर फ्लोट तपासून घ्या. टाकी उघडण्याचे काम मिस्त्रीकडूनच करा. टाकीत डोकावताना काडी किंवा लायटर पेटवू नका.

तोपर्यंत काय?
टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. समजा, टाकीत 40 लिटर बसते आणि भरलेली गाडी लिटरला 12 किलोमीटर देते. हिशेब 480 किलोमीटरचा होतो. पण 350 झाले की पंप गाठा. घाट, ओझे आणि वाहतूक कोंडी यांत डिझेल जास्त जाते. दुरुस्ती होईपर्यंत काट्यावर नव्हे, किलोमीटरवर भरवसा ठेवा.