खिशातील खिळे

आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाकडून एखाद्या कवीवरील वा ग्रंथावरील लेखाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ती मी आज पुरी करू शकत नाही, याबद्दल श्रोत्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी क्षमा करावी. गेली चार वर्षे मला एक वेगळाच छंद जडला आहे. स्मार्टफोनवर निरनिराळे कळफलक उतरवून घ्यावेत, अक्षरांचे साज बदलून पाहावेत, शब्दकोशाची ॲप्स चाळावीत आणि काय जमले, काय फसले ते वहीत टिपून ठेवावे, असा हा छंद आहे. मी तंत्रज्ञ नव्हे. परंतु उजव्या हाताला कंप सुटला आणि ज्या अक्षराचा मला आयुष्यभर अभिमान होता ते अक्षरच हातातून गेले. लिहिणे थांबले तर माझ्यासारख्याचे उरते काय? नातीने दिलेला फोन तोवर कपाटात पडून होता. तो मी बाहेर काढला तो गरजेपोटी. हौस पुढे आली.

अशा खटपटींचे सुरतेला वावडे नाही. इंग्रज कंपनीचे येथील दलाल भीमजी पारेख यांनी १६७० साली विलायतेहून मुद्रक मागविला होता. आपल्याकडील जुन्या पोथ्या आपल्याच लिपीत छापाव्यात, ही त्यांची इच्छा. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ साली सुरतेस आला. पण त्याला छापता येत होते, अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. पारेखांनी मग आपल्या माणसांकरवी खिळे पाडण्याचा प्रयत्न करून पाहिला. तो उद्योग टिकला नाही. पुढे याच सुरतेत जन्मलेले फर्दुनजी मर्झबान मुंबईस गेले आणि त्यांनी १८१२ मध्ये छापखाना व १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ काढला. पारेखांची अडचण मला आज फार जवळची वाटते. यंत्र हाती आहे, ते चालविणारा आहे, परंतु आपले अक्षर त्यात नाही!

माझी पहिली फजिती अशीच झाली. माजी विद्यार्थ्यांच्या एका स्नेहमेळाव्याच्या हिशेबाचे काम माझ्याकडे होते. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे पैसे द्यावयाचे राहिले होते. मी चिटणीसांना निरोप लिहिला, ‘आचाऱ्यांचे मानधन आजच पोचवावे.’ निदान माझ्या मनात तरी तसेच होते. फोनवर उमटले ‘आचार्यांचे’. चिटणीसांनी पाकीट तत्परतेने त्या दिवशीच्या वक्त्यांच्या घरी नेऊन दिले. वक्ते संकोचले, आचारी संतापला आणि मी दोन्हीकडे क्षमा मागत फिरलो. वर्गात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मी कितीदा शिकविला असेल! परंतु त्या कळफलकावर आपला ऱ कोठे दडला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

हा ऱ शोधता शोधता मला कळले की, फोनवरील अक्षर ही एक वस्तू नसून तीन वस्तूंचा मेळ आहे. पहिली कळफलक, ती आपल्या बोटांना विचारते. दुसरी संकेतांकांची यादी. ती अक्षराला क्रमांक देते. तिसरी फाँट, तो त्या क्रमांकाला रूप देतो. फोनच्या पोटात ‘दऱ्या’ हे चित्र साठविलेले नसते. द, ऱ, हलन्त, य आणि काना असे पाच क्रमांक एकापुढे एक ठेवलेले असतात. ‘दर्या’तही पाचच, फरक एवढाच की ऱ च्या जागी र. एकाचा रफार होऊन डोक्यावर बसावयाचा, की दुसऱ्याची चंद्रकोर होऊन य ला बिलगावयाची, हे फाँट ठरवितो. पूर्वी संगणकावर मराठीचे जे फाँट मिळत, त्यांतील अनेकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी दडवून बसविलेली असत. दुसऱ्याच्या यंत्रावर तो फाँट नसला की आपल्या लेखाचा अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग होई. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि जगातील लिपींतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देण्याचे कार्य सुरू झाले. त्यातून ही आपत्ती हळूहळू टळली.

युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी आपल्याच देशात सिद्ध झालेल्या ‘इस्की’ या संकेतावलीवरून घेतली. त्यामुळे एक मोठी मौज घडून आली आहे. ती सुरतेच्या मराठी माणसाने अवश्य पाहावी. देवनागरी क चा क्रमांक २३२५, तर गुजराती क चा २७०९. वजाबाकी ३८४. मराठी ळ २३५५, गुजराती ळ २७३९, पुन्हा ३८४. म्हणजे या दोन लिपी शेजारच्या वाड्यांसारख्या आहेत. एकीच्या ज्या खणात जे अक्षर, दुसरीच्याही त्याच खणात तेच. आता ऱ घ्या. त्याचा क्रमांक २३५३. त्यात ३८४ मिळविले की २७३७ येतात, आणि गुजराती यादीत हा खण रिकामा आहे! ज्या ध्वनिभेदाची आपण मराठी माणसे आपल्याही नकळत दिवसातून शंभरदा आठवण ठेवतो, त्याच्यासाठी शेजारणीने स्वतंत्र अक्षर केले नाही. तिला त्याची गरज पडली नाही. उणेपणा कोणाचाच नाही. परंतु आपले वेगळेपण नेमके कोठे आहे, हे मला व्याकरणाच्या ग्रंथांहून त्या रिकाम्या खणाने अधिक स्पष्ट दाखविले. मात्र सर्वच गरजा पहिल्या दिवशी ओळखल्या गेल्या नव्हत्या. मराठी पद्धतीच्या ॲ ला, म्हणजे अ वर चंद्र देऊन लिहिण्याच्या अक्षराला, युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळावयास २००८ साल उजाडले.

आता कळफलकांविषयी. मी चार प्रकार मनापासून वापरून पाहिले. पहिला इन्स्क्रिप्ट. १९८६ पासून प्रचारात आलेल्या या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात आणि भारतीय लिपींसाठी जागा समान आहेत. मराठी शिकलेल्या बोटांना गुजरातीही आपोआप येते. सुरतेत याहून उपयुक्त काय असेल? आरंभी पंधरा दिवस त्रास होतो, एवढेच. दुसरा प्रकार उच्चारानुसारी. त्यात इंग्रजी अक्षरांत शब्द लिहावा आणि यंत्राने तो मराठीत करून द्यावा. तरुण मंडळी हाच वापरतात. सोयीचा खरा, पण शुद्धलेखनाची सूत्रे यंत्राच्या हाती जातात. माझे आचारी तेथेच आचार्य झाले. तिसरा ‘स्वरचक्र’. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. व्यंजनावर बोट टेकताच त्याच्याभोवती बाराखडी चक्रासारखी उमलते. आपल्या वर्णमालेचे तर्कशास्त्र इतके नेटके दाखविणारी दुसरी रचना मी पाहिलेली नाही. तथापि बोट सरकविताना माझा कंप आडवा येई, आणि ‘कि’चे ‘कु’ होई. चौथा प्रकार बोलून लिहिण्याचा. थकलेल्या हाताला हा मोठा आधार. मात्र विरामचिन्हे मागाहून घालावी लागतात. आज मी बोलून मसुदा करतो आणि इन्स्क्रिप्टने तो दुरुस्त करतो.

फाँटची हौस थोडी निराळी. मराठीचा परंपरागत ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदीत ल दंडाचा आणि श गाठीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी रूपांचा पुरस्कार केला. काही फाँटांत दोन्ही रूपे ठेवलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली की मराठी रूप पुढे येते. म्हणून फोनची भाषा ‘हिंदी’ न ठेवता ‘मराठी’ निवडावी, ही माझी सर्वांना विनंती. नुसत्या वाचनाबाबत तर २०१६ सालीच केंद्र सरकारने अधिसूचना काढून, येथे विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषांतील मजकूर दिसावा असे मानक लागू करण्याचे ठरविले. साधन घरोघर आले आहे; निवड आपण करावयाची आहे.

ही निवड किती मोलाची असते, ते मला अक्कामुळे उमगले. माझी थोरली बहीण खानदेशात असते; वय चौऱ्याऐंशी. तिची बोली अहिराणी. तिच्याशी फोनवर बोलताना कानी पडणारे शब्द मी टिपून घेऊ लागलो. पण मी ‘काय करी ऱ्हायना’ लिहावे आणि यंत्राने ‘ऱ्हायना’चे ‘राहायला’ करावे. ‘मन्हा’ लिहावे तर त्याखाली लाल रेघ यावी. यंत्राच्या लेखी माझ्या आईची भाषा ही एक चूक होती. यावर तोड अशी की, कळफलकाच्या ‘वैयक्तिक शब्दकोशा’त तो शब्द आपण स्वतः भरावा, मग यंत्र त्याला हात लावीत नाही. अशा रीतीने मी तीनशेवर शब्द भरले. पुढे फोन नादुरुस्त झाला, तो पूर्ववत करताना सारे पुसून गेले. मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग अक्काला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, परत सांगस, लिखी ले.’’ परत विचारावयास अक्का होती, हे माझे भाग्य. आता शब्द आधी वहीत, मग फोनमध्ये.

नातू याच फोनवर माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळतो. त्यात जोडण्या असतात. एक प्रकार वस्तूंचे रूप बदलतो, दुसरा त्यांचे वर्तन. मी त्याला म्हटले, ‘‘अरे, फाँट आणि कळफलकाचा हाच तर संसार!’’ त्याने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले.

या छंदात उतरू पाहणाऱ्यांना अनुभवाचे चार शब्द. कळफलक आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर पाहू शकतो. म्हणून अनोळखी कर्त्याचा कळफलक घेऊ नये, आणि प्रयोगाच्या कळफलकावर बँकेचा परवलीचा शब्द कदापि लिहू नये. ॲप फोनच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. एखादे साधे शब्दकोशाचे ॲप संपर्कयादी मागू लागले तर त्याला नकार द्यावा; शब्दांचा अर्थ सांगण्यास आपल्या आप्तेष्टांचे क्रमांक लागत नाहीत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे बिघडले कशाने ते कळते.

सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. त्या घरांतील मुलांच्या हाती पुस्तकाआधी फोन येतो, याची खंत मी पुष्कळ केली. आता वाटते, तो आलाच आहे तर त्यात त्यांच्या आजीचा एक शब्द तरी त्यांच्याच हातून भरला जावा. माजी विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांपाशी बसून असे दहा शब्द लिहून घ्यावेत. भीमजी पारेखांना खिळे पाडून घ्यावे लागत होते; आपले खिळे आपल्या खिशात आहेत.