टाकीतला मासा ओळखू येईल असे छायाचित्र

सातारा जिल्ह्यातील वेण्णा नदीतल्या एका छोट्या माशाचे वर्णन ई. जी. सायलस यांनी १९५३ साली केले आणि त्याला 'सह्याद्रिएन्सिस' असे नाव दिले. हाच खवली मासा. अभ्यासासाठी असे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. खवले आणि पर त्यात शाबूत राहतात, पण जिवंतपणीचे रंग उडून जातात. म्हणून मासा घटकाभर काचेच्या टाकीत ठेवावा, छायाचित्र घ्यावे आणि त्याला पुन्हा नदीत सोडावे. माहुलीला वेण्णा आणि हरिपूरला वारणा जिथे कृष्णेला मिळते, त्या परिसरातील शाळांना हे सहज जमेल. मात्र छायाचित्र असे हवे की त्यातील खवले मोजता आले पाहिजेत.

आमची पहिली छायाचित्रे वाया गेली ती फ्लॅशमुळे. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला लागूनच असतो. त्यामुळे काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश सरळ भिंगात शिरतो. त्यातून काच टाळली, तरी मासा आहेच! चंदेरी माशाच्या त्वचेत ग्वानिनच्या पातळ स्फटिकांचे थर असतात आणि ते आरशासारखे काम करतात. समोरून प्रकाश टाकला की अंग पांढरेफटक दिसते व खवल्यांच्या रांगा पुसल्या जातात. नदीत माशावर प्रकाश वरून पडतो. टाकीतही तसाच पडू द्यावा. टाकीवर दिवा ठेवावा, खोलीत अंधार करावा आणि भिंग काचेला जवळजवळ टेकवून काटकोनात धरावे. कॅमेरा तिरका धरल्यास निरनिराळे रंग कमीअधिक वळतात आणि माशाच्या कडांना रंगीत झालर येते.

छायाचित्रावरून लांबीही मोजायची असते. त्यासाठी पट्टी काचेवर बाहेरून चिकटवली, तर हमखास फसगत होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने काचेमागे २० सेंमीवरचा मासा १५ सेंमीवर असल्यासारखा भासतो. तरीही तो पट्टीच्या मागेच असतो, म्हणून पट्टीवर खऱ्यापेक्षा लहान भरतो. तेव्हा कडा घासलेली दुसरी काच टाकीत सरकवून माशाला पुढच्या काचेजवळ, पण वळता येईल एवढ्या जागेत आणावे आणि पट्टी तिथेच पाण्यात ठेवावी. गढूळ पाण्याचा त्रासही यामुळे कमी होतो, कारण मासा आणि भिंग यांच्यामध्ये पाणीच थोडे उरते. काम दोन-चार मिनिटांत उरकावे.

मागच्या बाजूला हायड्रिलाच्या फांद्या लावल्या तर मासा कमी बिथरतो आणि गडद पार्श्वभूमीही मिळते. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात आपण ज्या बुडबुड्यांची वाट पाहतो, ते इथे नकोसे होतात. फांद्या हलवून ते आधीच झटकावेत. पाणी नदीचेच घ्यावे. नळाचे असेल तर क्लोरीन घालवण्यासाठी मत्स्यपालक हायपो वापरतात. रोल धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत छायाचित्रकार वापरत तेच हे सोडियम थायोसल्फेट.

छायाचित्रासोबत ठिकाण आणि तारीख लिहावी. पाठीवर लांब, पुढे काटेरी असलेला एकच सलग पर दिसला, तर तो आफ्रिकेतून आणलेला चिलापी असण्याचा संभव असतो. तशी शंका आली तर जाणकाराने छायाचित्र पाहीपर्यंत तो मासा टाकीतच ठेवावा. नदीत सोडू नये.