सातबाऱ्यावरचा कोरा रकाना

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या आरन बेटांचा नकाशा नकाशाकार टिम रॉबिन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. कडे, कपारी, खडक यांची नावं त्यांनी पायी फिरून बेटावरच्या माणसांकडून घेतली, कारण जुन्या सरकारी मोजणीत आयरिश नावं इंग्रजी वळणाने उतरली होती. पुण्याजवळच्या चाकणला समुद्र नाही. पण अशा नोंदीसाठीची जागा इथल्या घराघरांतल्या कागदावर छापलेलीच आहे. सातबाऱ्याच्या गाव नमुना सातवर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, आणि तो बहुतेकदा कोरा असतो. महसूल दफ्तरात जमिनीचं रूप शेतकऱ्याच्या शब्दांत सांगू शकेल अशी ही जागा आहे. शेतावर कारखाना उभा राहण्याआधी ती भरली गेलीच पाहिजे.

जमिनीवर आकडे चढत जातात तसं वर्णन गळत जातं. इंग्रजी अमदानीत सर्व्हे नंबर आले, १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत गट नंबर आले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि संपादित जमिनींचे प्लॉट पडले. भोसरीत आज ‘जे’ ब्लॉक, ‘टी’ ब्लॉक असेच पत्ते सांगतात. हद्द आणि मालकी ठरवायला आकडा चोख आहे, यात वाद नाही. पण ‘माळ’ म्हटलं की उथळ माती आणि खाली मुरूम कळतो. ‘मळई’ म्हटलं की नदीने आणून टाकलेला गाळ, म्हणजे पुराची वाट. उताऱ्यावर ओढा पोटखराब्याच्या काही गुंठ्यांत विरून जातो. गावनकाशावर त्याची रेघ असते खरी, पण सपाटीकरणानंतर ती रेघ जागेवर कोण शोधणार? पवना-इंद्रायणीच्या काठी ज्यांना बांधकाम करायचं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती पायाइतकी महत्त्वाची आहे.

आक्षेप असा, की अशी नावं पक्की नसतात. एकाच तुकड्याला दोन भावक्या दोन नावं लावतात. मग दोन्ही लिहावीत, कोणी आणि कधी सांगितली त्यासह. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाकण-भोसरीच्या या औद्योगिक पट्ट्यातली कितीतरी वस्ती बाहेरून कामाला आलेली. गाववाल्यांच्या आठवणींशी तिचा काय संबंध? परंतु जागांना नावं देणं तिनेही थांबवलेलं नाही. टेल्कोची २००३ साली टाटा मोटर्स झाली, तरी टेल्को रोड टेल्को रोडच राहिला. थर्मॅक्स चौक, केएसबी चौक हे पत्ते पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या तोंडी रुळले. गवळीमाथा हे जुनं नाव जितकं खरं, तितकीच ही नावंही. नोंद दोन्हींची व्हायला हवी.

हे काम अवघड नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाची नोंद स्वतः करतो. त्याच वेळी शेताचं नाव विचारता येईल आणि तलाठ्याला ते गावात पडताळता येईल. सुरुवात संपादनाची अधिसूचना निघालेल्या गावांपासून करावी. जमिनीचा ताबा गेल्यावर त्या गटात पीक पाहणीच होत नाही, आणि नाव विचारायला तिथे शेतकरीही उरत नाही.