काठ कोणाचा?

मी करमाळा तालुक्यातल्या केमचा. आजीच्या माहेरी आमच्या माणसांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. म्हणून पुण्याचा मुठा उजवा कालवा मी पाहतो तो काठाकडून.

खडकवासल्याच्या धरणाबरोबर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कालवा झाला. तो पर्वतीच्या पायथ्याजवळून जातो. त्याच पर्वतीवर १९२९ साली अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला. पुढे शहरातली जमीन महागली आणि कष्टकऱ्यांना कालव्याकडेची जागा उरली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला. शेकडो घरांत पाणी शिरले.

मातीचा बांध बहुधा एकाएकी फुटत नाही. उंदीर-खेकड्यांच्या बिळांतून पाणी पाझरते, आतली माती वाहून नेते, पोकळी वाढते. म्हणून टिकाऊ बांधणी म्हणजे संगमरवरी बाके नव्हेत. गवताने धरलेला उतार, दगडी अस्तर आणि पाहणीसाठी मोकळी वाट, हे तिचे खरे घटक.

पण ही वाट काढायची म्हणजे कोणाची तरी घरे हलणार. ती आधी जवळपासच, पक्की बांधून द्यावीत. पहिला पाझर वस्तीलाच दिसतो. राखणीचे पगारी कामही वस्तीलाच मिळावे. ज्यांनी पूर सोसला त्यांना हटवून सजवलेला काठ म्हणजे जुनीच विहीर होय.